नियमात न बसणाऱ्या बांगड्या

आमची द्राक्षं परदेशी जाणार असं ठरलं, तेव्हा मी गावात जरा मान ताठ करूनच फिरायला लागले होते. इंदापूर तालुक्यात द्राक्षबागा काही कमी नाहीत, पण आमच्या शिवारात स्वतःचं पॅकहाऊस उभं करणारी बाई मी एकटीच. पॅकहाऊस म्हणजे काही मोठा कारखाना नव्हे. वर पत्रा, खाली फरशी, खिडक्यांना बारीक जाळी आणि मधे स्टीलची तीन टेबलं. तिथं बायका द्राक्षांचे घड कात्रीनं साफ करतात, वजन करतात, प्लास्टिकच्या डब्यांत भरतात, आणि ते डबे थंड गाडीतून बंदराकडं जातात. एवढंच काय ते. पण माझ्या डोक्यात हवा गेली होती, हे कबूल करते.

त्यात मी वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. वडील कारखान्यात, शेजारी निरनिराळ्या गावांची माणसं, शाळेत बऱ्यापैकी इंग्रजी. लग्न होऊन या गावात आले ती सगळ्यांच्या चुका काढतच आले. "तिकडं असं नसतं" हे माझं ठेवणीतलं वाक्य. तिकडं म्हणजे कुठं, हे मलाही धड माहीत नव्हतं. तिकडं म्हणजे जिथं रस्ते स्वच्छ असतात, माणसं वेळेवर येतात आणि कुणी कुणाच्या ताटात डोकावत नाही, तो कुठला तरी गोरा मुलूख.

"तिकडं जाऊन आल्यावानी बोलतीस," माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणायच्या. "पासपोर्ट तरी हाय का गं तुझ्याकडं?"

या जाऊबाईंना मी आक्का म्हणते. माहेर सांगवीचं. बोलायला फटकळ, कामाला वाघीण. माझे थोरले दीर अपघातात गेले तेव्हा आक्का तिशीच्या आतबाहेर होत्या. तेव्हापासून त्यांनी बागेत आणि गोठ्यात स्वतःला गाडून घेतलं. पॅकहाऊसमध्ये वजनकाटा त्यांच्याकडं. काटा कोपऱ्यात होता, आणि कोपरा त्यांच्या सवयीचा झाला होता.

तर, माल युरोपात पाठवायचा म्हणजे तिकडचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी तपासणीला हॉलंडहून एक बाई येणार असं कळलं. प्रमाणपत्र मिळालं तर पॅकहाऊस चालणार. नाही मिळालं तर शेडला कुलूप, आणि तिथं काम करणाऱ्या बारा बायकांना पुन्हा दुसऱ्याच्या उसात खुरपायला जावं लागणार. त्या बाराजणी मी एकेकीच्या दारात जाऊन गोळा केल्या होत्या. सावलीतलं काम, बसायला स्टूल, प्यायला माठाचं पाणी आणि पाच वाजता सुट्टी, असा शब्द दिला होता. माझा जीव टांगणीला लागला होता तो त्या शब्दासाठी.

नियमांचं बाड निर्यातवाल्या साहेबांनी आणून दिलं. हे साहेब बारामतीच्या एमआयडीसीतून मोटारसायकलवर यायचे, भले माणूस, पण घाबरट. मी बाड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. हात कसे धुवायचे, केस कसे झाकायचे, फवारणीची औषधं कुठं ठेवायची. एका पानावर लिहिलं होतं, आत काम करणाऱ्यांच्या अंगावर दागिना नको, घड्याळ नको, बांगड्या नकोत. ती ओळ मी वाचली आणि पान उलटलं. बायकांना हे सांगितलं तर काय रामायण होईल ते मला ठाऊक होतं. बघू, सकाळी सांगू, असं म्हणून मी ते पुढं ढकललं. सगळा घोळ तिथंच झाला.

आदल्या दिवशी मी बायकांना एवढंच म्हणाले, "उद्या नीटनेटक्या या गं. परदेशातून बाई येतेय. माझी लाज राखा."

आता आमच्या बायकांना असं सांगितल्यावर त्यांनी काय करावं?

सकाळी मी शेडकडं जायच्या आतच हॉलंडच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, उंच, उन्हानं नाक लाल झालेलं, पायात चिखलाचे बूट. मी मनात सेंटबिंट लावलेली मडम धरून बसले होते, आणि ही तर आमच्यासारखीच रापलेली शेतकरीण निघाली. बाग पाहिली, औषधांची खोली पाहिली, फवारणीच्या नोंदींची वही पाहिली. प्रत्येक ठिकाणी मान हलवून खूण केली. साहेबांच्या चेहऱ्यावर रंग चढला. मला वाटलं, जिंकलं!

मग मी मोठ्या ऐटीत पॅकहाऊसचं दार उघडलं.

आत, फरशीच्या मधोमध, कासारीण बसली होती. पुढ्यात बांगड्यांची उघडी पेटी. काचेच्या बांगड्या, हिरव्या, लाल, मोरपंखी, डझनावारी. भोवती आमच्या बाराही बायका नव्या लुगड्यांत, डोक्यावर कामाच्या टोप्या, आणि प्रत्येकीचे दोन्ही हात मनगटापासून वर पार भरलेले. पाहुणी येणार म्हणून बायकांनी आपसांत ठरवून कासारणीला बोलावलं होतं. नटूनथटून यायचं तर हात आधी भरले पाहिजेत. आणि पाहुणीलाही मोकळ्या हातानं कशी पाठवायची? तिलाही चुडा भरायचा बेत होता.

तेवढ्यात कासारीण हसतमुखानं उठली, हॉलंडच्या बाईंचा हात धरला आणि तो दाबून दाबून मऊ करायला लागली. "या बाई, बसा. हात लई दांडगा हाय, पर बसवती."

बाई गोंधळल्या, पण हसल्या. त्यांना वाटलं असावं, ही हात धुवायची आमची पद्धत असेल. कासारणीनं हिरवी बांगडी सरकवली आणि अंगठ्याच्या हाडाशी ती टचकन फुटली. "वाढवली गं," बायका एका सुरात म्हणाल्या. फुटली म्हणायचं नसतं.

तुकडे टेबलाखाली गेले. एक तुकडा द्राक्षांच्या रिकाम्या डब्यात पडला. बाईंचं हसू मावळलं. त्यांनी वाकून तो तुकडा दोन बोटांत धरला, खिडकीकडं करून पाहिला आणि आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. ते शब्द मला उलट्या बाजूनंही वाचता आले. गंभीर दोष.

आणि मग माझा तोल सुटला. अपराध माझा, पण ओरडले मी बायकांवर. "काढा त्या बांगड्या! सगळ्या काढा! आत्ताच्या आत्ता! काही अक्कल आहे की नाही?"

मग बारा जणींतली सगळ्यात वडील बाई पुढं आली. ती माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोललेली नव्हती, तेव्हाही बोलली नाही.

"काढायच्या म्हंजी? मालक घरी धडधाकट असताना आमी हात मोकळं करायचं? वैनी, ह्ये काय बोलताय तुमी?"

"मी काढल्यात की," मी माझे हात दाखवले. सकाळीच पाटल्या काढून कपाटात ठेवल्या होत्या.

"तुमचं तुमी बघा," ती म्हणाली. "आमी न्हाय काढणार." आणि तिनं डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. तिच्यामागं दुसरीनं ठेवली. तिसरीनं ठेवली.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते माझ्या कानाशी आले आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळूच, म्हणाले, "मॅडम, एक सोपा मार्ग आहे. ज्यांच्या हातात बांगड्या नसतात, अशाच बायका कामाला घ्या."

अशा बायका म्हणजे कोणत्या, हे कुणाला सांगावं लागलं नाही. सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यात गेल्या. काट्याजवळ आक्का उभ्या होत्या, दोन्ही हात मोकळे.

आक्का हसल्या. "म्हंजी सायेब, गोऱ्यांच्या नेमात बसायचं तर आदी नवरा मरायला पायजे?"

साहेबांनी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. चांगली जिरली त्यांची, आणि त्यांच्याबरोबर माझीही.

बाई विचारत होत्या, काय चाललंय, मला सांगा. मी सांगणार तेवढ्यात आक्का कोपरा सोडून सरळ त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हाताकडं बोट दाखवून मला म्हणाल्या, "हिच्या बोटात काय हाय गं?"

"अंगठी. लग्नाची."

"ती चालती व्हय आत?"

मी बाड उघडलं. तिथं खरंच लिहिलं होतं. दागिना नको, मात्र लग्नाची साधी अंगठी चालेल.

"मंग नेम लिवणारा त्यांच्यातलाच कुनी लगीन झालेला असणार," आक्का म्हणाल्या. "आपल्यातलं कुनी बसलं नव्हतं तितं. इचार तिला, तिचं लगीन खरं आन ह्या बायकांचं काय खोटं हाय का?"

मी विचारलं. साखर न लावता विचारलं. माझं इंग्रजी तापल्यावर बरं चालतं. आयुष्यभर "तिकडं असं नसतं" म्हणणारी मी, तिकडच्याच बाईला सांगत होते की तुमचा नियम सगळ्या जगाचा म्हणता, पण तो लिहिताना तुम्ही फक्त तुमचे हात पाहिलेत.

बाईंनी आपल्या अंगठीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "हे कधी लक्षात आलं नाही. पण अंगठी फुटत नाही. काच फुटते. आत्ताच फुटली. हा तुकडा एखाद्या लहान मुलाच्या घशात गेला तर?"

इतकी वर्षं आम्ही बारामतीच्या मंडईत माल पाठवला. तिथंही लहान मुलंच द्राक्षं खातात. त्यात काच गेली तर, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला लाजच वाटली.

आक्कांना यातलं काहीही नको होतं. त्यांचं भलतंच चाललं होतं. "मालक काय करत्यात हिचं?" त्यांनी विचारलं. आमच्याकडं बाई भेटली की दुसरा प्रश्न हाच असतो.

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "नवरा चार वर्षांपूर्वी वारला."

मी मराठीत सांगितलं. कासारणीनं पेटीचं झाकण लावलं. आक्का पुढं सरकल्या. "आन तरी अंगठी हाय?"

"हो," बाई म्हणाल्या. आणि मग अगदी साधेपणानं, "ती माझी आहे."

मी ते मराठीत सांगितलं. आक्का परत कोपऱ्यात गेल्या आणि उगीचच काटा पुसत बसल्या.

बाईंनी दोष खोडला नाही. खोडायला नकोच होता. पण जाताना म्हणाल्या, "महिन्याची मुदत आहे. काच फळात जाऊ नये, एवढं सांभाळा. कसं सांभाळणार ते तुम्ही लिहून पाठवा. मी एकटी ठरवू शकत नाही, पण वर पाठवीन आणि माझंही मत लिहीन." आम्ही केलेलं जेवण त्यांनी नियमाप्रमाणं नाकारलं आणि गाडीत बसून डब्यातला कोरडा पाव खाल्ला. बायकांना तेच सगळ्यात वाईट वाटलं. "उपाशी गेली गं बिचारी," दिवसभर तेच.

संध्याकाळी मी आणि आक्का कालव्याच्या कडेनं घरी निघालो. अर्ध्या वाटेवर त्या म्हणाल्या, "तिला कुनी काढायला लावली न्हाय व्हय गं अंगठी?"

"न्हाय."

"तिचं तिनंच ठरीवलं?"

"व्हय."

पुढं चालताना मला ते आठवलं, जे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. थोरले दीर गेले त्या दिवशी म्हाताऱ्या बायकांनी आक्कांना ओट्याशी बसवलं. आक्का हात मागं घेत होत्या, ओरडत होत्या. कुणीतरी मला म्हणालं, "धर गं तिचा हात." मी नवी सून, तेवीस वर्षांची, क्वार्टरमध्ये शिकलेली, इंग्रजी येणारी. मी धरला. घट्ट धरला. बांगड्या दगडावर फोडल्या तेव्हा आक्कांचं मनगट माझ्या मुठीत होतं, आणि एक काच माझ्याही तळव्यात घुसली. कुणाला दाखवली नाही. पुढं आमच्या ग्रामसभेनं विधवांच्या या चालीरीती बंद करायचा ठराव केला. मी उठून जोरदार भाषण ठोकलं, टाळ्या मिळवल्या. ठराव दप्तरात गेला. आक्कांचे हात तसेच राहिले. आणि "आक्का, भरा की हो बांगड्या" हे एवढे शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाले नाहीत. कशाला निघतील? मी तिकडच्या सुधारणा सांगण्यात गुंतले होते.

त्या दिवशी कालव्यावर तरी मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. तोंडाळ बाईची जीभ नको तिथं चालते आणि हवी तिथं टाळ्याला चिकटते.

उपाय आक्कांनीच काढला. आमच्याकडं बायका उसात जाताना साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात, पाचटानं हात कापू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी आक्कांनी अशा शर्टाच्या दोन बाह्या कापल्या, दोन्ही टोकांना इलॅस्टिक घातलं आणि त्या वडील बाईच्या हातांवर चढवल्या. बांगड्या आत, इलॅस्टिक घट्ट. "आता फुटली तर फुटली," आक्का म्हणाल्या, "पर तुकडा जातोय कुटं?" त्या बाईनं हात झटकून पाहिले, कात्री चालवून पाहिली आणि टोपी उचलून डोक्यावर घातली. बाकीच्या अकरा जणी तिच्या मागून आल्या. मी झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "पर अक्कल काडली ते बरं न्हाय केलं." ते खरंच होतं.

मग आक्कांनी पांढऱ्या धुतल्या कापडाच्या चोवीस बाह्या शिवल्या. मी फोटो काढले, पत्र लिहिलं. पत्रात अंगठीबद्दल पुन्हा लिहिलं. साहेब म्हणाले, "मॅडम, एवढं टोचून नको." मी म्हटलं, जाऊ दे तसंच.

मुदत संपत आली तशी मला जेवण जाईना. बागेत घड तयार, साखर भरलेली, आणि उत्तराचा पत्ता नाही. बायका रोज विचारायच्या, "आलं का हो त्या बाईचं?" शेवटी एका दुपारी साहेब मोटारसायकल बांधावर तशीच टाकून पळत आले. फोनवर पत्र होतं. आमचा उपाय मान्य. अट एवढीच की बाह्या रोज धुवायच्या, आणि प्रत्येकीच्या बांगड्या दारात आत जाताना मोजायच्या, बाहेर येताना मोजायच्या. एक जरी कमी भरली तर ती सापडेपर्यंत काम बंद. खाली बाईंनी स्वतः दोन ओळी लिहिल्या होत्या. तुमचा प्रश्न रास्त होता, मी तो नियम लिहिणाऱ्यांपुढं ठेवलाय. आणि आता शेडमध्ये जाताना मीही माझ्या अंगठीवर पट्टी बांधते.

मी ते मोठ्यानं वाचलं. बायकांनी असा गलका केला की शेजारच्या रानातली माणसं बघायला आली. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

काढणीच्या पहिल्या दिवशी मी दारात खुर्ची टाकून वही घेऊन बसले. एकेक बाई यायची, हात पुढं करायची, मी मोजायची, लिहायची, मग ती बाह्या चढवून आत जायची. कुणाच्या चोवीस, कुणाच्या सोळा. वडील बाईच्या मुद्दाम जास्त, मला त्रास द्यायला. थट्टामस्करी चालली होती. साहेब आत पंख्याखाली उभे राहून भिंतीवरचं घड्याळ बघत होते. गाडी दुपारी येणार होती.

सगळ्यात शेवटी आक्का आल्या. त्यांच्या हातात मोजायला काही नसायचं, म्हणून मी वही मिटायला लागले.

"थांब की," त्या म्हणाल्या.

त्यांनी पदराखालून हात काढले आणि माझ्यासमोर धरले. प्रत्येक हातात दोन, साध्या काचेच्या, हिरव्यागार. मनगटाच्या हाडाजवळ कातडी लाल झाली होती. इतक्या वर्षांनी भरताना जड गेल्या असणार. आतल्या बायका कात्र्या थांबवून बघत होत्या. कुणी तोंड फिरवलं नाही.

मी आक्कांचा हात धरला. मोजायला धरावाच लागतो. चार बांगड्या मी दोनदा मोजल्या.

"चार," मी म्हटलं.

"नीट लिव," आक्का म्हणाल्या. "संध्याकाळी घरी जाताना चारच्या चार पायजेत मला."